नाच झाला, हॉल तिकिटाचं काय?

मैत्रिणींनो, हा लेख मी रागानं लिहिते आहे. त्या रागाचा पहिला वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी सीवूड्सला राहते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षं मुलींच्या आणि बायकांच्या प्रश्नांवर काम करते आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयातून निमंत्रण आलं. त्यांच्या समान संधी केंद्रातर्फे ‘विविधतेत एकता दिन’ साजरा होणार होता. प्रमुख पाहुणी म्हणून मी यावं आणि वेशभूषा व लोकनृत्य स्पर्धेचं परीक्षणही करावं, अशी विनंती होती. मी गेले. दारात रांगोळी होती, नकाशातल्या राज्यांवर पणत्या होत्या. पंजाबचा भांगडा झाला, केरळची साडी झाली, कोळीगीत झालं. मग ‘आदिवासी नृत्य’ पुकारलं गेलं आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची एक पावरा मुलगी मंचावर आली. अंगावर भाड्यानं आणलेला चित्त्याच्या कातड्याच्या छापाचा झगा, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिसांचा मुकुट. टाळ्या भरपूर पडल्या.

माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत ‘अस्सलपणा’ असा दहा गुणांचा रकाना होता. सातपुड्यात मी कामानिमित्त जाऊन आलेली. मला तो मुकुट खटकला. मी तिला दहापैकी चार दिले. वर, कार्यक्रम संपल्यावर, मोठ्या जाणतेपणानं तिला विचारलं, “अगं, तुमच्याकडे चांदीचे इतके सुंदर दागिने असतात, ते का नाही घातलेस?”

ती म्हणाली, “मॅडम, पिसं आमच्यात मुली घालतच नाहीत. होळीला नवस केलेले बुध्या घालतात, बाप्ये. कपडे कॉलेजनं दिले. आईची चांदी आणणार होते, पण ती गहाण आहे.”

“का?”

“फीसाठी.”

शिष्यवृत्ती आली नव्हती. ‘ती येईल तेव्हा येईल, तोवर भरा’ असं कार्यालयानं सांगितलं होतं. पहिला हप्ता आईच्या चांदीतून गेला. दुसरा भरता आला नाही म्हणून हॉल तिकीट अडवून ठेवलेलं होतं. परीक्षा दहा दिवसांवर होती. तिनं मला विचारलं, “तुम्ही सरांना सांगाल का?”

मी चहाच्या वेळी प्राचार्यांपाशी विषय काढला. ते हसून म्हणाले, “तो ऑफिसचा विषय आहे, मॅडम. आजचा दिवस आनंदाचा आहे.” आणि मी गप्प बसले. मांडीवर शाल होती, हातात श्रीफळ होतं. सत्कार घेतलेल्या माणसाचं तोंड कसं बांधलं जातं, ते त्या दिवशी मला कळलं.

तिसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज घेऊन गेले. पात्र विद्यार्थ्यांकडून शिष्यवृत्तीची वाट न बघता फी वसूल करू नये, असं शासनानं महाविद्यालयांना वेळोवेळी बजावलेलं आहे, याची आठवण करून दिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट मिळालं. मुलगी आज पुढच्या वर्षात शिकते आहे. चांदी अजून गहाणच आहे. पण मुद्दा असा, की एक मॅडम भेटली म्हणून ते मिळालं. प्रत्येकीला मॅडम भेटत नाही. म्हणून तर केंद्र हवं! आणि केंद्र तिथंच होतं. प्राचार्यांच्या खोलीशेजारी, पितळी पाटी लावून.

मी त्या केंद्राचं रजिस्टर मागितलं. नाखुशीनं का होईना, दाखवलं. तीन वर्षांत चार बैठका. त्यातल्या तीन याच कार्यक्रमाच्या तयारीच्या: मंडप, अल्पोपाहार, फोटोग्राफर. चौथी नॅकच्या फायलीसाठी. तक्रारींच्या रकान्यात तिन्ही वर्षं ‘निरंक’. समन्वयक बाईंनी अभिमानानं सांगितलं, “आमच्याकडे एकही तक्रार नाही.” मी त्यांना विचारलं, की तक्रार कुणाकडे करायची हे किती मुलींना माहीत आहे? त्या म्हणाल्या, “पाटी आहे ना!”

बाई वाईट नाहीत. त्यांच्याकडे ग्रंथालय समिती आहे, एन.एस.एस. आहे, परीक्षेचं काम आहे. केंद्राला खोली नाही, शिपाई नाही, पैसे नाहीत. मुख्य म्हणजे अधिकार नाही. हॉल तिकीट अडवणाऱ्या लेखनिकाला ‘देऊन टाका’ म्हणण्याचाही नाही. ज्या केंद्राला ऑफिसातल्या एका टेबलापुढे उभं राहता येत नाही, त्यानं मुलीला मंचावर उभं करून काय साधलं?

हे माझ्या त्या एका महाविद्यालयाचं गाऱ्हाणं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण ज्या ज्या ठिकाणी मी जाते तिथं थोड्याफार फरकानं हेच दिसतं. आणि हे केंद्र काही कुणाच्या मेहेरबानीनं आलेलं नाही, त्यामागे मरणं आहेत, हे आपण विसरतो आहोत.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, याची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीनं केली. २००७ च्या त्या अहवालानं वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंतचा भेदभाव कागदावर आणला. पुढे २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं समतेची नियमावली काढली. प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र असावं, भेदभावविरोधी अधिकारी असावा, असं त्यात आहे. भेदभाव कशाला म्हणायचं हेही स्पष्ट लिहिलं आहे: वर्गात जात पुकारणं, ‘राखीव’ म्हणून हिणवणं, प्रयोगशाळेत नुसतं बसवून ठेवणं, मेसमध्ये किंवा वसतिगृहात वेगळं काढणं. वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याला हे सगळं नीट माहीत होतं. नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं, राबवणाऱ्याला मात्र फक्त पाटी माहीत आहे.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलानं जीव दिला. २२ मे २०१९ ला मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्याची, तडवी भिल्ल मुस्लिम समाजातली, स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला निघालेली मुलगी. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आहे. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण आरोपी म्हणून ज्यांची नावं आली त्या तिघीही बायका आहेत, हे आपल्यासारख्यांनी नजरेआड करता कामा नये. ‘आपण साऱ्या बहिणी’ असं आपण शिबिरांत गातो. बहिणी-बहिणींत जात येऊन बसते तेव्हा आपलं गाणं कुठं जातं?

त्याच वर्षी रोहितची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक तेलुगू बोलणारी, एक खानदेशातली. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. २०१२ ची नियमावली आहे ती अमलात आणा, एवढंच मागितलं. त्या याचिकेच्या रेट्यानं आयोगानं १३ जानेवारी २०२६ ला नवी नियमावली काढली. त्यात केंद्राला समता समितीची जोड होती, चोवीस तासांची मदतवाहिनी होती. लगेच देशभर आरडाओरडा झाला, की याचा दुरुपयोग होईल, खुल्या प्रवर्गावर अन्याय होईल. २९ जानेवारी २०२६ ला न्यायालयानं तिला स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चीच नियमावली लागू राहील असं सांगितलं. दोन आयांनी सात वर्षं घातली आणि सोळा दिवसांत गाडी जुन्या स्टेशनवर परत आली.

‘दुरुपयोग होईल’ हे वाक्य आपल्याला नवं आहे का? ४९८-अ आला तेव्हा हेच ऐकलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला तेव्हाही. मसुद्यात संदिग्धता असेल तर ती काढून टाकावी, तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघांनाही म्हणणं मांडायची पूर्ण संधी द्यावी. याला कुणाचा विरोध असणार? पण ज्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं ‘निरंक’ आहे तिथं दुरुपयोगाची भीती घालणं म्हणजे रिकाम्या विहिरीपाशी ‘बुडाल’ अशी पाटी लावण्यासारखं आहे.

कागदावरची समिती जिवंत कशी करायची, हे बायकांच्या चळवळीला अनुभवानं माहीत आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. त्यातून विशाखा निकाल आला, १९९७ मध्ये. कायदा व्हायला २०१३ उजाडलं. सुरुवातीच्या समित्या अशाच होत्या: पाटी होती, बैठक नव्हती. मग आपण काय मागितलं? अध्यक्ष बाई हवी. संस्थेबाहेरची एक सदस्य हवी, जिला प्राचार्यांकडून बढती नको असते. दरवर्षी अहवाल हवा. महाविद्यालयांसाठी २०१५ चे नियम आले तेव्हा विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रारींसाठी निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत असावेत, हेही आलं. अजून शंभर त्रुटी आहेत. मी स्वतः अशा दोन समित्यांवर बाहेरची सदस्य आहे, त्या त्रुटी रोज बघते. पण मुलीला निदान एक दार माहीत असतं, आणि दारामागे प्राचार्यांच्या मुठीत नसलेलं एक तरी माणूस असतं. समान संधी केंद्राला यातलं काय आहे? बाहेरची व्यक्ती प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात. शाल देतात, रजिस्टर देत नाहीत.

आता थोडं आमच्या सीवूड्सबद्दल.

आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत एम.एस. करायला गेला, तेव्हा त्या महिनाभर सांगत होत्या: विद्यापीठाचं एक बहुसांस्कृतिक केंद्र आहे, तिथली मुलं त्याला घ्यायला विमानतळावर आली, पहिले आठ दिवस राहायची सोय केली, दिवाळीला हॉल दिला, कुणी त्याच्या उच्चारांना हसलं तर कुठं जायचं तेही पहिल्याच दिवशी सांगितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. परक्या देशात आपल्या लेकराला कुणी ‘ये, बस’ म्हटलं तर कुठल्या आईचा जीव भरून येणार नाही?

त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला: एकट्या मुलींना जागा भाड्यानं द्यायची नाही, मांसाहारी भाडेकरू ‘शक्यतो टाळावेत’. ‘शक्यतो’चा अर्थ सगळ्यांना कळतो. काकूंनी हात वर केला. मी विरोधात बोलले, तेव्हा मला सांगण्यात आलं, की ताई, तुमचं समाजकार्य बाहेर ठेवा.

मालेगावची एक मुलगी त्या सुमारास माझ्याकडे आली होती. प्रवेश मिळालेला, खोली मिळत नव्हती. एजंट फोनवर भाडं सांगायचा, नाव ऐकलं की ‘आत्ताच गेली’ म्हणायचा. सीवूड्स, नेरूळ, बेलापूर, सगळीकडे ‘आत्ताच गेली’. शेवटी ती मुंब्र्याला नातेवाइकांकडे राहिली. मुंब्र्याहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून नेरूळ. पहिल्या तासाला उशीर, मग गैरहजेरी, मग हजेरी कमी म्हणून नोटीस. दुसऱ्या सत्रात ती घरी गेली ती परत आली नाही. महाविद्यालयाच्या दप्तरात तिच्या नावापुढे काय लिहिलं असेल? ‘वैयक्तिक कारण’. तिला कुणी विचारलं का, की बाई, का चाललीस? केंद्रानं? नाही. त्या आठवड्यात ते ‘एकता रॅली’च्या गडबडीत होतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे मिळतात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांसाठी योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला ६० हजार ठरले. म्हणजे महिन्याला ५ हजार, जेवणासकट. सीवूड्समध्ये एका खाटेचं भाडं विचारून या आणि मग मला सांगा. तरी मी म्हणते, योजना चांगली आहे. पण पैसे देऊन काय होणार, दार उघडणारा नसेल तर? खोली मिळवून देणं, महाविद्यालयाच्या शिक्क्याचं पत्र घेऊन घरमालकापुढे उभं राहणं, हे काम कुणाचं? माझ्या मते केंद्राचं. आणि ‘आत्ताच गेली’ म्हणणाऱ्या सोसायटीला जाब विचारणं हे काम आपलं.

अमेरिकेतली ती केंद्रंही कुणी हौसेनं उघडलेली नाहीत, हे काकूंना मी सांगितलं. तिथं काळ्या, आशियाई, मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी संप केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेट कॉलेजातला १९६८-६९ चा संप जवळजवळ पाच महिने चालला. त्या काळच्या लढ्यांतून वेगळे अभ्यासक्रम आले, केंद्रं आली. पुढे त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लढा मागे पडून खाद्यजत्रा पुढे आल्या असणार, कारण सत्तेला नाच नेहमीच सोयीचा असतो. आणि आता बघा. टेक्सास राज्यानं २०२३ मध्ये कायदा केला आणि २०२४ च्या पहिल्या महिन्यात ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालं. धोरण म्हणून मिळालेली गोष्ट एका विधेयकानं जाते. म्हणून मागायचा तो हक्क, पाहुणचार नव्हे. पाहुणचार यजमानाच्या मर्जीवर असतो, आणि पाहुण्यानं ‘माझं हॉल तिकीट द्या’ म्हणायचं नसतं.

पण इथं यजमान कोण आणि पाहुणा कोण, हेही एकदा विचारू या. सीवूड्स स्टेशनच्या नावात दारावे आहे. दारावे हे गाव आहे. शेजारी करावे गाव आहे. १९७० मध्ये सिडको झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. जमिनीच्या भावासाठी लढताना १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आज त्या गावांच्या आसपास टॉवर आहेत, मॉल आहे, महाविद्यालयं आहेत. अशाच एका गावातली आगरी मुलगी माझ्या गटात येते. वर्गात ती घरच्यासारखं बोलली आणि वर्ग हसला. सरही हसले. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. त्याच महाविद्यालयाच्या विविधता दिनाला मात्र तिला आग्रह झाला, “तू कोळी डान्स बसव ना!” तिची बोली वर्गात चालत नाही, मंचावर चालते. तिच्या आजोबांची जमीन चालली, तिचे शब्द चालत नाहीत. हिला ‘सामावून घेण्यासाठी’ केंद्र? खरं तर ते टॉवरच तिच्या अंगणात आलेले आहेत.

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. एकमेकांचं खाणं, नाच बघितलं तर बिघडलं कुठं? काही बिघडलं नाही. माझा राग नाचावर नाही. पावरा मुलीला नाचायचं असेल तर तिनं तिच्या ढोलावर, तिच्या चांदीत, मन भरून नाचावं. पण आधी चांदी सोडवा. आधी पोट, छप्पर आणि फी, मग उत्सव. हा क्रम मी नव्यानं लावलेला नाही. आपल्याच महाराष्ट्रानं तो शंभर वर्षांपूर्वी लावला होता.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. १९०२ मध्येच नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हणजे ताटही आणि पुढची जागाही. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली असेल, पण मुलगा शिकायला आला तर रात्री झोपणार कुठं, या प्रश्नाला महाराजांनी भाषणानं उत्तर दिलं नाही, इमारतीनं दिलं. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. एक चूल, एक पंगत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. आजच्या भाषेत म्हणायचं तर ते खरं बहुसांस्कृतिक केंद्र. तिथं विविधतेचा दिवस साजरा करावा लागत नव्हता, रोज दोन वेळा ती पंगतीला बसत होती.

आणि ते कुणाच्या बळावर चाललं? सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या. सगळ्या जातींच्या मुलांचं त्यांनी आईच्या मायेनं केलं. मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपण हा प्रसंग भाषणात सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावतात, टाळ्या पडतात. मला मात्र अलीकडे तो सांगताना धडगावची ती चांदी दिसते. शंभर वर्षांपूर्वी मुलांना शिकवायला एका बाईचं मंगळसूत्र लागलं, तेव्हा सरकार परक्यांचं होतं. आज संविधान आहे, शिष्यवृत्ती आहे, नियमावली आहे, केंद्र आहे. तरी फी भरायला बाईच्याच अंगावरचं का उतरतं? लक्ष्मीबाईंचा मान ठेवायचा तर दुसऱ्या कुठल्या बाईवर तशी वेळ येऊ नये अशी व्यवस्था करायला हवी. त्यागाचे गोडवे पुरेत.

शिवाय त्या वसतिगृहांत बहुतेक मुलगेच होते. मुलीला बाहेरगावी पाठवणं हा प्रश्न आजही वेगळा आहे. मुलाला खोली मिळाली नाही तर तो मित्राच्या गॅलरीत झोपतो. मुलीला मिळाली नाही तर ती घरी जाते, आणि घरी स्थळ तयार असतं. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण व परीक्षा फी माफ केली. उत्तम केलं. पण फी माफ आणि दार बंद, असं असेल तर मुलगी पोहोचणार कशी?

म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवते. तुमच्या भागातल्या महाविद्यालयात जाऊन विचारायला उपयोगी पडतील.

एक: समान संधी केंद्राला लेखी अधिकार द्या. शिष्यवृत्ती अडकली म्हणून हॉल तिकीट, निकाल, दाखला अडवला असेल तर केंद्राच्या पत्रानं तो त्याच दिवशी सुटला पाहिजे.

दोन: केंद्राच्या समितीवर बाहेरची एक कार्यकर्ती आणि निवडून आलेले विद्यार्थी हवेत. त्यांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम आणि अपंग मुली हव्यात. त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या नकोत, त्या स्वतः हव्यात.

तीन: वर्षाला किती तक्रारी आल्या, किती दिवसांत काय झालं, हे नावं न देता फलकावर लावा. ‘निरंक’ला शाबासकी देऊ नका. ‘निरंक’ असेल तर का, ते विचारा.

चार: वसतिगृह नसेल तर खोल्यांची यादी केंद्रानं ठेवावी, घरमालकाशी बोलावं, जामीन राहावं. नाव ऐकून खोली नाकारली तर त्याची नोंद करावी.

पाच: जी मुलगी शिक्षण सोडते तिच्या घरी महिन्याभरात कुणीतरी जावं आणि विचारावं. ‘वैयक्तिक कारण’ हा शेरा बंद करावा.

सहा: वर्गात बोलीला, आडनावाला, आहाराला हसणं हा विनोद नव्हे, भेदभाव आहे, हे पहिल्या दिवशी शिक्षकांना सांगावं. विद्यार्थ्यांना नंतर.

यातल्या एकाही गोष्टीला मंडप लागत नाही.

आणि आपल्यासाठी सातवी. १९९० च्या दशकात दलित बायकांनी आपल्या चळवळीला विचारलं होतं, की तुमच्या ‘बाई’त आम्ही कुठं आहोत? १९९६ मध्ये २५ डिसेंबरला, मनुस्मृतिदहनाच्या दिवशी, चंद्रपूरला परिषद भरवून तोच दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून मानायची हाक दिली गेली. त्या प्रश्नाचं उत्तर आपण अजून पुरतं दिलेलं नाही. मथुरा ही चंद्रपूर भागातली आदिवासी मुलगी होती, तिच्या खटल्यावरून १९८० मध्ये आपण रस्त्यावर आलो. आज धडगावची मुलगी आपल्या शहरात शिकायला येते, तेव्हा आपण तिला अस्सलपणाचे गुण देतो. मीच दिले. चार.

सोसायटीच्या पुढच्या सभेत तो ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. अनुमोदनाला अजून दोन सह्या कमी आहेत. काकूंकडे मी परवा पुन्हा गेले होते. त्यांनी सही केली नाही, पण कागद ठेवून घेतला.

यंदाच्या विविधता दिनाचंही निमंत्रण आलं. मी कळवलं आहे, की परीक्षक म्हणून येणार नाही. केंद्राची बैठक ज्या दिवशी असेल त्या दिवशी बोलवा, शाल नको, रजिस्टर तयार ठेवा. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या गावच्या केंद्राचं रजिस्टर तुम्ही बघितलं, तर त्यात काय दिसलं ते लिहून कळवा. पुढच्या अंकात आपण सगळ्याजणी मिळून ते मांडू.